बैल की नीळ

१

चन्नम्मा आमच्या वकील मंडळाच्या पायरीवर येऊन बसली, त्या सकाळी आत पेढे वाटले जात होते.

गावाचं नाव मी लिहीत नाही. नळदुर्ग सोडून उमरग्याकडं निघालं की मध्ये लागतं, एवढं पुरे. या गोष्टीतले बहुतेक लोक अजून तिथंच वकिली करतात, आणि मीही करतो. साल १३५७ फसली, महिना खुर्दाद. म्हणजे तुमच्या हिशेबानं १९४८ चा एप्रिल. अंमल निजामाचा. गावात आम्ही सात वकील. रझाकारांच्या धुमाकुळाचा निषेध म्हणून सातहीजणांनी जानेवारीपासून कोर्टावर बहिष्कार घातलेला होता. तेव्हापासून बांधाची भांडणं, विहिरीची भांडणं, सासरी न नांदणाऱ्या पोरी, सगळं आमच्या ओसरीवर यायला लागलं. अध्यक्ष अण्णासाहेब खुर्चीत बसून निवाडा द्यायचे आणि लोक तो मुकाट मानायचे. लोक मंडळाला धर्माचं कोर्ट म्हणत. आम्हाला ते फार आवडायचं.

पेढे कशाचे, तर आमच्या वकिलीच्या सनदा वाचल्याचे. बहिष्कार घालणाऱ्यांच्या सनदा जप्त होणार अशी नोटीस आली होती, आणि महिनाभर सातही घरांत कुणाला अन्न गोड लागत नव्हतं. मग आदल्या दिवशी चपराशी दुसरा कागद घेऊन आला: सनदा चालू राहतील. का, ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, माझ्या हातात पेढा होता.

"बब्रुवान, बाहेर कोण बाई आहे बघा," अण्णासाहेब मला म्हणाले. मंडळाचा चिटणीस मी होतो, तेव्हा अशी कामं माझ्याकडंच.

बाईला आत घेतलं. ती मुरडवाडीची, नवरा बांगड्या विकणारा. "मालकानला काल अमिनानं नेलं," ती म्हणाली. अमीन म्हणजे निजामाच्या पोलिसांतला फौजदार. "चावडीम्होरं लई मारलं. 'बाजारात काय बघितलंस ते बोल' म्हनत व्हता. मालक बाजारात नव्हतंच की. त्या दिशी उमरग्याला गेल्यालं, माल आनायला."

"नाव काय मालकांचं?" मी विचारलं.

ती खाली बघू लागली. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, लिंगायतांत तर नाहीच. "महादेवाच्या म्होरं बसतो त्यो," ती पदराआडून म्हणाली.

"नंदी. म्हणजे नंदप्पा?"

तिनं होकारार्थी मान हलवली. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. खोलीतल्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं. 'बाजारात काय बघितलंस' या प्रश्नाचा अर्थ त्या गावात फक्त आम्हा चौघांनाच ठाऊक असायला हवा होता.

२

फाल्गुनात एका आठवडी बाजारावर हल्ला झाला होता. पालं जाळली, तीन माणसं मेली. साक्ष द्यायला कुणी पुढं येईना. शेवटी मुरडवाडीचा एक धनगर आला, बंडप्पा. कडब्याच्या गंजीत लपून त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि जाळपोळ चालू असताना अमीन स्वतः तिथं विडी ओढत उभा होता, हेही पाहिलं होतं.

त्याची जबानी मंडळाच्या आतल्या खोलीत झाली. मी ती मोडीत लिहून घेतली. हजर असलेले चौघं: अण्णासाहेब, मी, सोलापुरात शिकून आलेले तरणे महालिंगप्पा वकील, आणि मोईजुद्दीन वकील. 'धर्माच्या कोर्टात सांगितलेलं बाहेर जाणार नाही,' असा शब्द अण्णासाहेबांनी बंडप्पाच्या डोक्यावर हात ठेवून दिला. लखोट्यावर लाख लावून तो लोखंडी कपाटात ठेवला. योग्य वेळी वर पाठवायचा होता.

चन्नम्मा ओसरीवर गेल्यावर आम्ही कपाट उघडलं. लखोटा जागेवर होता. लाख शाबूत होती.

म्हणजे चोरी झालेली नव्हती. चौघांपैकी कुणीतरी सांगितलं होतं. आणि त्यातही एक विचित्र गोष्ट: सांगणाऱ्यानं साक्षीदार दिला होता, पण भलताच. जबानी बंडप्पाची आणि उचलला नंदप्पा.

तेवढा विचार करायला कुणाला सवड होती? सगळ्यांच्या नजरा मोईजुद्दीनकडं वळल्या. ते मुसलमान, अमीन मुसलमान, झाला निकाल. हा माणूस आमच्याबरोबर बहिष्कारात उतरला म्हणून त्याच्या मोहल्ल्यात त्याला कुणी सलाम करेना, हे आम्हाला माहीत होतं. पण भीती माणसाला फार लवकर हलकट करते, आणि आम्ही तर कायदा शिकलेले होतो. त्या दिवसापासून मोईजसाहेबांच्या कपात कुणी चहा ओतेना. ते आले की बोलणं थांबायचं.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच टेबलावर हात ठेवला. "चौकशी करा. कुणाकडूनही करा. पण करा."

"चौघांतल्या कुणी करून चालणार नाही," महालिंगप्पा म्हणाले. "शांतलिंगला सांगा."

अण्णासाहेब हसले. "अर्जनवीस? करू दे की."

३

शांतलिंग कोर्टासमोरच्या लिंबाखाली पाट मांडून बसायचा. अडाण्यांचे अर्ज लिहिणं हा त्याचा धंदा. मोडी, उर्दू, कन्नड, तिन्ही लिपी सारख्याच सफाईनं लिहायचा. वकिलांच्या खराब झालेल्या मसुद्यांची रद्दी तो मागून न्यायचा आणि त्यांत तंबाखू बांधायचा. वीस वर्षांत मंडळानं त्याला आत खुर्ची दिलेली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही, तो खिडकीत टेकून उभा राहिला.

"सापडेल का?" मी विचारलं.

"सापडंल. सापडल्यावर तुमी काय करनार, ते सांगा," तो म्हणाला.

पहिल्यांदा त्यानं चन्नम्माला बोलावलं.

"अमीन गावात आला तवा काय झालं, अक्का? पयल्यापासनं सांगा."

"घोड्यावरनं उतरला. खिशातनं चिठ्ठी काढली. वाचली. मग उन्हात धरून पुन्यांदा वाचली. डोळं बारीक करून."

"आन मग?"

"मग पाटलाला मालकाचं नाव इचारलं. ह्या नावाचा कोन हाय म्हनून."

"बापाचं नाव, आडनाव?"

"न्हाय. नावच तेवढं, आन गावाचं नाव."

शांतलिंगनं चुना चोळला. "दोनदा वाचली म्हनता. बरं झालं सांगितलं."

महालिंगप्पा चिडलेलेच होते. "मी इंग्रजीत शिकलो. मला उर्दूतला अर्ज करायचा तर कारकुनाचे पाय धरावे लागतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी अमिनाला काय इंग्रजीत चिठ्ठी लिहू?" त्यांनी वहीत उर्दू काढून दाखवलं. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर, एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा.

मला त्यानं आधी विचारलं, जबानीची नक्कल झाली होती का. झाली नव्हती. मग म्हणाला, "मोडीत ब आन न सारखं दिसत्यात का हो?" मी म्हटलं, मुळीच नाही. "ऐकताना?" तेही नाही. त्यानं मान डोलावली.

मोईजुद्दीन मागच्या बाकावर एकटेच बसले होते. त्यांचे वडील खुशनवीस, सुंदर अक्षराबद्दल दरबारातून शाल मिळालेले. "मला काय विचारणार?" ते म्हणाले. "माझं अक्षर बघायचं तर बघ. आमच्याकडं अक्षराची लांबीरुंदी नुक्त्यानं मोजतात, ठिपक्यानं. अलिफ किती ठिपक्यांचा, ते वालिद छडी घेऊन शिकवायचे. दुसरं काही माझ्याजवळ नाही सांगायला. तुला माझ्यावर संशय आहे का?"

"तुमच्या अक्षरावर न्हाय," शांतलिंग म्हणाला.

अण्णासाहेबांकडं तो सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ बसला. अण्णासाहेब जुन्या फारशी वळणाचे. पस्तीस वर्षांची वकिली, घाईनं ओढलेलं शिकस्ता अक्षर, कागदावरून लेखणी उचलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. कारकुनाला ते हात लावू द्यायचे नाहीत, सगळं स्वतः लिहायचे.

"आन्नासाहेब, त्या तीन बैलांची गंमत काय व्हती?"

अण्णासाहेब खुलले. "अरे, बैलचोरीचा अर्ज होता. मी लिहिलं तीन बैल. पेशकार गाढव, त्यानं भर कोर्टात वाचलं तीन नीळ. मुन्सिफ विचारतात, नीळ शेर की मण? अख्खं कोर्ट हसलं."

"तुमी नुक्तं दिलं न्हवतं."

"नुक्ते पोरांसाठी असतात. जाणत्याला संदर्भावरून कळतं."

"आन न्हाय कळलं तर?"

अण्णासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. "चौकशी कुठवर आली तुझी?" त्यांनी विचारलं.

"झाली," शांतलिंग म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी सातही वकील जमले. शांतलिंगनं तंबाखूची पुडी सोडली, आतला कागद सरळ केला आणि टेबलावर ठेवला. तीन बैलांचा अर्ज होता, अण्णासाहेबांच्या हातचा.

"साहेबलोक, भलतं मानूस धरलं, ह्यातच सगळं हाय," तो म्हणाला. "कुनी तोंडानं सांगितलं असतं, तर अमिनानं 'बंडप्पा' ऐकून बंडप्पाच धरला असता. ब म्हनल्यावर न कुनाला ऐकू येत न्हाय. मोडी त्येला येत न्हाय, आन मोडीत चूक व्हतबी न्हाय. मग ही चूक कुठं व्हती? फक्त उर्दू कागदावर. उर्दूत ब आन न यांचं धड एकच. ठिपका खाली दिला की ब, वर दिला की न. ड वर बारीक खूण असती, ती गाळली की द. ठिपकं आन खुना सोडून लिवा. बंडप्पा आन नंदप्पा, एकच लिवलं जातं. बैल आन नीळ लिवलं जातं, तसंच."

त्यानं अर्जातल्या 'बैल' शब्दावर बोट ठेवलं.

"अमिनानं चिठ्ठी दोनदा वाचली. उन्हात धरली. ठिपकं असतं तर एकदाच वाचली असती. म्हालिंगप्पासाहेब ठिपकं दान्याएवढं देत्यात. मोईजसाहेब ठिपका सोडत न्हाईत, जीव सोडतील. बब्रुवानसाहेबांचं उर्दू कारकुनाच्या हातचं, आन असली चिठ्ठी कुनी कारकुनाकडनं लिवून घेत न्हाय. ऱ्हायलं कोन?"

महालिंगप्पा ताडकन उठले. "तोंड सांभाळ. कुणाबद्दल बोलतोस तू?"

"बसा महालिंगप्पा," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याचं बरोबर आहे. चिठ्ठी मी लिहिली."

५

मला वाटलं होतं, ते नाकारतील, ओरडतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कपाट उघडलं, सात सनदा काढल्या आणि एकेकाच्या पुढ्यात एकेक ठेवली.

"नोटीस मागं का घेतली, हे तुमच्यापैकी एकानंही मला विचारलं नाही," ते म्हणाले. "पेढे खाल्लेत. वरून निरोप आला होता, बाजारातला साक्षीदार कोण ते सांगा, सात सनदा राहतील. सात घरं, सव्वीस लेकरं. मी एक नाव दिलं. आता म्हणा मला काय म्हणायचं ते."

माझी सनद माझ्यापुढं होती. त्यावर माझं नाव होतं, बापाचं नाव होतं, सगळे नुक्ते व्यवस्थित होते.

"आपण अमिनाला सांगू," शेवटी मी म्हणालो. "माणूस चुकीचा आहे म्हणून सांगू."

"सांगा की. आपल्याकडं पुरावा आहे, शांतलिंगनं आत्ताच दिला. चिठ्ठीत ठिपका राहिला, खरं नाव बंडप्पा, असं सांगा. नंदप्पा सुटेल. आणि तासाभरात बंडप्पा आत जाईल. कोण जातंय सांगायला?"

आम्ही सगळे वकील होतो, दोन्ही बाजूंनी बोलायची सवय असलेले. त्या दिवशी कुणालाच कुठली बाजू सापडली नाही. मोईजुद्दीन तेवढे उठले. आपली सनद त्यांनी उचलली, दोनदा घडी घातली आणि अण्णासाहेबांपुढं परत ठेवली. "इतके दिवस तुम्ही मला चहा दिला नाहीत," ते आम्हाला म्हणाले. "बरं झालं. ह्या घरचं पाणी कमी गेलं पोटात." ते गेले, आणि पुन्हा कधी मंडळात आले नाहीत. माफी मागायला त्यांच्या घरी जावं असं मला पुष्कळदा वाटलं. घर दोन गल्ल्यांवर होतं.

संध्याकाळच्या आत ठराव झाला: चौकशीअंती कोणीही सदस्य दोषी आढळला नाही. तो मी लिहिला. शांतलिंग खिडकीत उभा राहून बघत होता.

"म्हनूनच पयल्यांदा इचारलं व्हतं, सापडल्यावर काय करनार," तो म्हणाला, आणि तंबाखूचा कागद उचलून गेला.

६

आठ दिवसांनी बंडप्पा माझ्या घरी आला. उंबऱ्याबाहेरच बसला. "साहेब, माझ्याजागी नंदूअण्णा मार खातोय," तो म्हणाला. "म्या जाऊ का ठान्यात? चार लेकरं हाईत. पन तुमी म्हनलात तर जातो."

मी त्याला जा म्हटलं नाही. जाऊ नको असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, "थांब, बघू." अशिलाला आम्ही जे सांगतो तेच सांगितलं. तो महिनाभर थांबला आणि मग बायकापोरं घेऊन सोलापूरला गिरणीत गेला.

नंदप्पा ऑगस्टात तुरुंगात मेला. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि निजामाचा अंमल संपला. तुरुंगाचं दार उघडायला चार आठवडे कमी पडले.

मग आमचे चांगले दिवस आले. बहिष्कार घातलेलं मंडळ म्हणून आमचे सत्कार झाले, अण्णासाहेबांची तसबीर बाररूममध्ये लागली. तालुक्यातल्या हुतात्म्यांची नावं दगडावर कोरायची ठरली, आणि ती काढून देण्याचं काम अर्थात मंडळाकडं आलं. तुरुंगाचं रजिस्टर उर्दूत होतं, घाईच्या अक्षरात, ठिपके बहुतेक गाळलेले. ते वाचायला सगळ्यांत जाणते अण्णासाहेबच. मुरडवाडीच्या नावाशी त्यांनी क्षणभर बोट थांबवलं आणि म्हणाले, "लिहा, बंडप्पा."

मी लिहिलं. बंडप्पाच धरला गेला आणि बंडप्पाच मेला म्हटलं की कसली चिठ्ठी आणि कसला चुकलेला ठिपका. दगडावर तेच कोरलं गेलं. चन्नम्माला वाचता येत नव्हतं, तिला ते शांतलिंगनं वाचून दाखवलं.

१९४९ च्या पावसाळ्यानंतर ती त्याच्याकडून अर्ज लिहून घेऊन आली. मागणी एकच होती: दगडावरचं नाव दुरुस्त करावं. मोईजुद्दीन गेल्यानंतरचे आम्ही सहाजण बसलो होतो. अण्णासाहेबांनी अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाले, "नियमाप्रमाणं अर्जदारानं मयताचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. सांगा बाई."

बाई ते नाव घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं. नियम असा कुठलाही नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

चन्नम्मा उभीच होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नव्हती.

"म्या एकडाव भेटले त्येनला तुरुंगात," ती म्हणाली. "म्हनले, बाजारात कोन व्हतं ते गावाला ठाऊक हाय, तुमालाबी ठाऊक हाय, सांगून टाका आन घरला चला. मालक म्हनलं, त्येची चार लेकरं हाईत. मरंस्तवर मारलं, पन त्येनी त्येचं नाव घेतलं न्हाय."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि सरळ माझ्याकडं बघितलं, कारण लेखणी माझ्या हातात होती.

"त्येनी घेतलं न्हाय," ती म्हणाली. "म्या घेते. नंदप्पा. लिवा साहेब. नंदप्पा."

मी लिहिलं. मग मतं झाली. महालिंगप्पा तिच्या बाजूनं, चार विरुद्ध. मी चिटणीस म्हणून मत दिलं नाही. कागदोपत्री पुराव्याअभावी अर्ज नामंजूर, ही नोंदही माझ्याच हातची आहे. देवनागरीत आहे, कुणालाही एका वाचनात वाचता येते.